मैहरची अन्नपूर्णा

या मालिकेत आजवर आपण शिकवणाऱ्या, औषधपाणी करणाऱ्या, शेतीच्या लढ्यात उतरलेल्या बायकांविषयी ऐकलं. आज आपण एका वादक बाईविषयी बोलणार आहोत.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. आपल्या शास्त्रीय संगीतातल्या गायिकांची नावं सांगा म्हटलं तर कितीतरी नावं पटापट ओठावर येतात. हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, गंगूबाई हनगल, किशोरी आमोणकर. आता सतार, सरोद, बीन, सारंगी वाजवणाऱ्या बायकांची नावं सांगा. इथे आपण अडखळतो. तंबोरा बाईच्या हातात चालतो, कारण ती त्याच्या सुरावर गाते. पण वाद्य हीच जिची वाणी आहे अशी बाई जुन्या काळात फार क्वचित दिसते. वाद्याची विद्या घराण्यात बापाकडून मुलाकडे जायची. मुलगी दुसऱ्या घरी जाणार, तिला दिलेली विद्याही तिच्याबरोबर बाहेर जाणार, मग ती द्यायची कशाला, असा हिशोब असायचा. जमीन आणि दागिन्यांच्या बाबतीत हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. सुरांच्या बाबतीतही तो तसाच होता.

अन्नपूर्णादेवींना मात्र ही विद्या बापाकडून मिळाली, आणि तीही पुरेपूर. सुरबहार या वाद्यावर त्यांच्याइतका अधिकार त्या काळात फार थोड्यांचा होता, असं भलेभले वादक सांगत आले. तरीही त्यांची एकही ध्वनिमुद्रिका बाजारात आली नाही. वयाची निम्म्याहून जास्त वर्षं त्यांनी लोकांसमोर वाद्य वाजवलं नाही. आपण आपल्या केंद्रावर बायकांना सतत सांगतो की पुढे या, बोला, माईक हातात घ्या. मग माईकपासून आयुष्यभर लांब राहिलेल्या बाईची गोष्ट इथे सांगावी का, यावर विषय ठरवताना आमच्यात बराच वाद झाला. काहीजणींचं म्हणणं होतं, ही तर गप्प बसवलेल्या बाईची गोष्ट आहे. काहीजणी म्हणाल्या, नाही, स्वतःच्या मर्जीनं दार लावून घेतलेल्या बाईची आहे. शेवटी ठरलं की सगळी हकीकत तुमच्यापुढे ठेवू, तुम्हीच ठरवा.

मैहर हे मध्य प्रदेशातलं छोटं गाव. पूर्वी ते एक लहान संस्थान होतं. तिथल्या डोंगरावर शारदामातेचं देऊळ आहे आणि वर जायला हजाराच्या वर पायऱ्या आहेत. या गावात उस्ताद अल्लाउद्दीन खाँ दरबारी संगीतकार म्हणून राहत. सगळे त्यांना बाबा म्हणत. ते मूळचे पूर्व बंगालचे, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या भागातले. गाण्याच्या वेडापायी लहानपणीच घरातून पळाले. कलकत्त्यात अनेकांकडे शिकले आणि शेवटी रामपूरच्या उस्ताद वझीर खाँ यांच्या दारात जाऊन बसले. वझीर खाँ तानसेनाच्या परंपरेतले मोठे बीनकार. त्यांनी बाबांना भरपूर शिकवलं, पण बीन शिकवली नाही. बीन ही घरच्या माणसांसाठी राखलेली विद्या होती. बाहेरच्या शिष्याला किती द्यायचं याचीही एक रेघ आखलेली असायची, हे इथे लक्षात ठेवू या.

बाबा स्वतः पाच वेळा नमाज पढणारे मुसलमान, आणि शारदामातेचे निस्सीम भक्त. त्यांची धाकटी मुलगी १९२७ साली मैहरमध्ये जन्मली. घरचं नाव रोशनआरा. मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांनी तिचं नाव अन्नपूर्णा ठेवलं आणि तेच पुढे चाललं. आईचं नाव मदिना बेगम. भाऊ अली अकबर पाच वर्षांनी मोठा. पुढे सरोदवादक म्हणून जगभर गाजले ते हेच अली अकबर खाँ.

अन्नपूर्णाला शिकवायचं नाही, असं बाबांनी ठरवलं होतं. त्यामागे एक दुःख होतं. थोरली मुलगी जहाँआरा. बाबांनी तिला गाणं शिकवलं होतं. लग्न होऊन ती सासरी गेली. सासरी तिचं गाणं कुणाला रुचलं नाही आणि सासूनं तिचा तंबोरा जाळून टाकला, असं या घरातली हकीकत सांगते. जहाँआरा माहेरी परत आली आणि त्यानंतर फार दिवस जगली नाही. बापाच्या मनानं याचा अर्थ असा लावला की मुलीला विद्या दिली म्हणून तिच्यावर ही वेळ आली. तंबोरा जाळणाऱ्या हातांना दोष द्यायच्या ऐवजी तंबोरा दिल्याचाच पश्चात्ताप त्यांना झाला. मैत्रिणींनो, हा विचार आपल्याला परका नाही. सासरी त्रास नको म्हणून मुलीचं शिक्षण, नाच, खेळ, सायकल आधीच बंद करणारी माणसं आपल्या आजूबाजूला आजही आहेत. ती वाईट असतात असं नाही. घाबरलेली असतात.

पण घरात दिवसरात्र रियाज चालू असेल तर पोरीच्या कानांना कोण अडवणार? अली अकबर सरोद घेऊन बसत. बाबांचा धाक जबर होता, चुकलं की मार बसे. एक दिवस बाबा बाजारात गेलेले असताना अली अकबर एक जागा पुन्हा पुन्हा चुकत होते. अंगणात खेळणाऱ्या अन्नपूर्णेला राहवलं नाही. बाबांनी असं नाही, असं शिकवलंय, म्हणत तिनं ती जागा गाऊन दाखवली. गाण्यात ती इतकी रंगली की बाबा कधी येऊन मागे उभे राहिले हे तिला कळलंच नाही. तिला वाटलं, आता मार बसणार. बाबांनी तिला आत बोलावलं आणि त्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केली. पुढे अन्नपूर्णादेवींनी स्वतःच ही आठवण सांगितली होती.

आधी गळ्यावर ध्रुपद, मग सतार. सतारीवर हात बसल्यावर बाबांनी एक दिवस तिला विचारलं, सतार सोडून सुरबहार घेशील का? त्यांचं म्हणणं असं की सतार जाणकारांनाही आवडते आणि साध्या श्रोत्यांनाही. सुरबहार मात्र ज्यांना सुरांची खोली कळते त्यांनाच आवडेल. बाकीचे कदाचित टोमॅटो फेकून मारतील. माझ्या गुरूंची विद्या तुला देतो, कारण तुझ्या मनात लोभ नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलीनं होकार दिला. बीन न मिळालेल्या बापानं बीनेच्या अंगाची जी काही विद्या गुरूकडून उचलली होती, ती अशी मुलीच्या हाती आली. ज्या रेघेबाहेर ते स्वतः उभे राहिले होते, ती रेघ त्यांनी मुलीसाठी पुसली.

आता हे वाद्य कसं असतं ते थोडं सांगतो, कारण पुष्कळजणींनी ते पाहिलेलं नसेल. सुरबहार म्हणजे सतारीची थोरली बहीण म्हणा. भोपळा मोठा, दांडी रुंद आणि लांब, तारा जाड, स्वर खालचा. एकोणिसाव्या शतकात हे वाद्य उत्तर हिंदुस्थानात पुढे आलं. बीन घराबाहेर द्यायची नाही, पण शिष्याला बीनेसारखा आलाप तर वाजवता आला पाहिजे, अशा अडचणीतून त्याला महत्त्व आलं असं जाणकार मानतात. दांडी रुंद असल्यामुळे एकाच पडद्यावर तार बाजूला ओढत नेऊन वादक कितीतरी स्वर काढू शकतो. एका सुरातून दुसऱ्या सुरात तुटक न जाता असं ओढून नेणं म्हणजे मींड. जाड तारेची आस लांबवर टिकते, म्हणून सुरबहारावर घाई चालत नाही. आलाप, जोड आणि झाला, हा त्याचा खरा प्रांत. जाड तारा ओढायला बोटांत ताकद लागते. पुढच्या गोष्टी ऐकताना त्या बोटांवर पडलेले घट्टे डोळ्यापुढे ठेवा.

आणि एक गोष्ट आपल्या घराजवळची. सतार, तंबोऱ्यासारख्या वाद्यांचा भोपळा शेतात पिकतो. पंढरपूर, मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेकाठी हे मोठे कडू भोपळे घेतात आणि ते मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जातात. तिथले कारागीर पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे घडवतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दरबारात आणि परदेशच्या मंचांवर वाजणाऱ्या वाद्यांची नाळ अशी आपल्या शिवाराशी बांधलेली आहे.

पुन्हा मैहरला येऊ. १९३८ साली रविशंकर बाबांकडे शिकायला आले. ते नर्तक उदयशंकर यांचे धाकटे भाऊ. भावाच्या नृत्यपथकाबरोबर त्यांनी लहानपणीच युरोप पाहिला होता. ते सगळं सोडून ते मैहरच्या कडक शिस्तीत येऊन राहिले. उदयशंकर यांच्याकडून अन्नपूर्णेसाठी मागणी आली आणि मे १९४१ मध्ये अल्मोड्याला हिंदू पद्धतीनं लग्न झालं. नवरी चौदा वर्षांची, नवरा एकवीस. हा प्रेमविवाह नव्हता, ठरवून झालेलं लग्न होतं, असं अन्नपूर्णादेवींनी नंतर सांगितलं. पुढच्याच वर्षी, मार्च १९४२ मध्ये, मुलगा शुभेंद्र जन्मला. घरात सगळे त्याला शुभो म्हणत.

लग्नानंतरची काही वर्षं दोघांनी एकत्र मैफली केल्या. रविशंकर यांची सतार आणि अन्नपूर्णादेवींचा सुरबहार, अशी जुगलबंदी दिल्ली, कलकत्त्याच्या श्रोत्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या आसपास ऐकली. ऐकणारे हरखून जात. बाईच्या वादनाची वाहवा जास्त होते, हेही लोक बोलू लागले. आणि मग काही काळानं ही जोडी मंचावर दिसेनाशी झाली. एकजण दिसत राहिला, दुसरी दिसेनाशी झाली, हे जास्त खरं.

असं का झालं? दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि दोन्ही तुमच्यापुढे ठेवायला हव्यात. अन्नपूर्णादेवी मुलाखती जवळजवळ देत नसत. २००० साली एका इंग्रजी मासिकात त्यांचं म्हणणं छापून आलं. मैफलीत आपल्याला मिळणारी दाद नवऱ्याला सोसेना, घरात त्यावरून ताण वाढला, आणि लग्न टिकावं म्हणून आपण बाबांच्या आणि शारदामातेच्या तसबिरीपुढे शपथ घेतली की पुन्हा जाहीर मैफलीत वाजवणार नाही, असा त्याचा आशय होता. रविशंकर यांचं म्हणणं निराळं. तिनं वाजवावं म्हणून आपणच आग्रह धरत होतो, तिलाच एकटीनं मंचावर यायला नको असे, असं ते सांगत.

बंद दारामागे दोन माणसांत काय झालं याचा निवाडा करायला आपण कोर्ट नाही. पण एक गोष्ट आपण नक्की विचारू शकतो. लग्न मोडू नये म्हणून दोघांपैकी एकानं काहीतरी सोडायचं असेल, तर ते बाईनं सोडायचं, हे इतक्या सहज कसं ठरतं? घरात दोघंही तितकेच तयार कलावंत, एकाच गुरूचे शिष्य, आणि त्यांतली एक तर त्या गुरूची मुलगी. तरी ताण आला तेव्हा शपथ घेतली ती बायकोनं. नवऱ्यानं मैफल सोडावी, असं कुणाच्या मनातही आलं नसेल. आणि एवढं सोडूनही लग्न वाचलं नाही. दोघं वेगळे राहू लागले. कायद्यानं घटस्फोट झाला तो १९८२ साली.

तुमच्यातल्या कितीतरीजणींनी 'अभिमान' हा हिंदी चित्रपट पाहिला असेल. १९७३ चा, हृषीकेश मुखर्जींचा. नवरा-बायको दोघं गायक, बायको जास्त गाजते, नवऱ्याला ते सोसत नाही, ती गाणं सोडते. या चित्रपटामागे अन्नपूर्णादेवींची कहाणी आहे असं बोललं जातं. चित्रपटाच्या शेवटी दोघं पुन्हा एकत्र गातात आणि आपण डोळे पुसत घरी येतो. खऱ्या आयुष्यात तसा शेवट झाला नाही. ज्या वर्षांत रविशंकर मॉन्टेरे, वुडस्टॉक आणि बांगलादेशासाठीच्या मोठ्या मैफलीत वाजवत होते आणि सतार जगाच्या तोंडी झाली होती, त्या वर्षांत अन्नपूर्णादेवी मुंबईत घराच्या आत वाजवत होत्या.

इथे आणखी एका बाईचं नाव घ्यायला हवं, म्हणजे चित्र एकतर्फी राहणार नाही. शरण राणी. दिल्लीच्या. त्याही अल्लाउद्दीन खाँ आणि अली अकबर खाँ यांच्याच शिष्या, आणि अन्नपूर्णादेवींपेक्षा दोनच वर्षांनी लहान. त्या सरोद वाजवायच्या. त्यांनी देशात-परदेशात मैफली केल्या, ध्वनिमुद्रिका काढल्या. जुनी वाद्यं जमवली आणि तो मोलाचा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिला. म्हणजे त्या काळात, त्याच घराण्यात, बाईला मंच पूर्ण बंद होता असं नाही. आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांनी त्याही आधी तिकीट लावून बैठकी केल्या होत्या. वाट अवघड होती, पण वाट होती. अन्नपूर्णादेवींच्या बाबतीत काय आडवं आलं? घर आलं, घेतलेली शपथ आली, आणि आमच्या मते त्यांचा स्वभावही आला. बापानं त्यांना लहानपणीच शिकवलं होतं की ही विद्या बाजारात मांडायची नाही. त्यांनी ती शिकवण शब्दशः पाळली. म्हणून गप्प बसवली की गप्प राहिली, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच आयुष्यात एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

मंच सोडला, पण विद्या सोडली नाही. आता त्यांच्या आयुष्याचा तो भाग सांगायचा आहे, जो सांगायला लोक विसरतात. नवऱ्याची गोष्ट चविष्ट, म्हणून ती सगळे सांगतात. बाईनं पुढची पन्नासेक वर्षं काय काम केलं, हे मात्र दोन ओळींत उरकतात.

मुंबईत वॉर्डन रोडवर आकाशगंगा नावाची इमारत आहे. तिथे सहाव्या मजल्यावर त्या राहत. दारावर पाटी होती. तीनदा घंटी वाजवा, दार उघडलं नाही तर नाव ठेवून जा, अशा अर्थाची. आत आलेल्या शिष्याला त्या शिकवायच्या ते गाऊन. समोर बसून वाद्य वाजवून दाखवणं नाही. त्या गातील, शिष्यानं ते आपल्या वाद्यावर काढायचं. त्यामुळेच त्यांच्याकडे सतार, सरोद, बासरी असे सगळे शिकू शकले. बाईंना बासरी वाजवता येत नव्हती, पण बासरीतून राग कसा निघाला पाहिजे हे ठाऊक होतं. शिष्य बाहेरच्या खोलीत वाजवत असे, त्या आत स्वयंपाकाला लागलेल्या असत, आणि एक सूर जरा इकडचा तिकडे झाला की आतून आवाज येई. कढईतल्या फोडणीकडे एक कान आणि निषादाकडे दुसरा. हे आपल्यापैकी कुणाला जमणार नाही? दोन्हीकडे लक्ष ठेवण्याची सवय आपल्याला आहेच. फक्त त्या सवयीला कुणी विद्या म्हणत नाही.

शिकवण्याचे पैसे त्या घेत नसत. बाबांनीही शिष्यांकडून घेतले नव्हते. पण शिष्य करून घेणं सोपं नव्हतं. हरिप्रसाद चौरसियांची गोष्ट ऐका. ते तेव्हा मुंबईत चित्रपटसंगीतात चांगले नावारूपाला आले होते, रोज ध्वनिमुद्रणं चालू होती. ते शिकवा म्हणून आले तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते पुन्हा आले. पुन्हा नकार. असं काही वर्षं चाललं. शेवटी बाईंनी सांगितलं, आजवर शिकलेलं विसरून पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. आपण खरोखर पहिल्यापासून सुरू करतोय हे दाखवायला हरिप्रसादांनी बासरी धरण्याचा हातच बदलला. आजवर उजवीकडे धरलेली बासरी डावीकडे धरली. म्हणजे बोटांना काहीच येत नाही, ओठांना काहीच येत नाही. नाव झालेला माणूस लहान मुलासारखा सा रे ग म वाजवायला बसला. आज त्यांना ऐकताना, पाहताना त्यांची बासरी डाव्या बाजूला दिसते, ती या बाईंच्या दारात घेतलेल्या निश्चयाची खूण आहे.

निखिल बॅनर्जी हे सतारीतलं फार मोठं नाव. मैहरला बाबांकडे शिकून ते पुढे अन्नपूर्णादेवींकडेही शिकले. बहादुर खाँ, भाचा आशीष खाँ, बासरीवादक नित्यानंद हळदीपूर, सरोदवादक वसंत काबरा, सतारवादक सुधीर फडके, अशी कितीतरी नावं घेता येतील. या सगळ्यांनी मैफली केल्या, ध्वनिमुद्रिका काढल्या, पुढे शिष्य तयार केले. ज्या बाईंचा सूर आपल्याला फारसा ऐकायला मिळाला नाही, त्यांचा विचार या सगळ्यांच्या वाजवण्यातून आपल्यापर्यंत येतो. मैहर घराणं आज जगभर पसरलं आहे. त्या पसरण्याचं श्रेय बाबा, अली अकबर आणि रविशंकर यांना दिलं जातं आणि ते रास्तच आहे. पण घराणं टिकतं ते शिकवणाऱ्यांमुळे, आणि त्यांतल्या एका मोठ्या शिक्षिकेचं नाव या यादीत नेहमी शेवटी येतं, किंवा येतच नाही.

आई म्हणून त्यांच्या वाट्याला आलेलं दुःखही सांगायला हवं. शुभोला सतार त्यांनीच शिकवली. रियाजाची पद्धत बाबांची, म्हणजे कडक. १९७० च्या सुमारास तो वडिलांबरोबर अमेरिकेला गेला. तिथे त्यानं वडिलांबरोबर मंचावरही वाजवलं, पण आईच्या हाताखालचं शिक्षण मधेच तुटलं. १९९२ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, तो गेला. मुलगा आणि शिष्य एकाच वेळी गमावणं काय असतं, त्याबद्दल त्या लोकांपुढे काही बोलल्या नाहीत.

१९८२ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. ऋषिकुमार पंड्या हे त्यांच्याकडे सतार शिकायला आलेले. वयानं तेरा वर्षांनी लहान. अली अकबर खाँ यांच्या सांगण्यावरून ते बाईंकडे आले होते. पंचावन्न वर्षांच्या घटस्फोटित बाईनं पुन्हा लग्न करणं, आणि तेही वयानं लहान असलेल्या माणसाशी, याला आजही आपल्याकडे किती धीर लागतो ते तुम्ही जाणता. त्यांनी ते गाजावाजा न करता केलं. ऋषिकुमारांनी २०१३ मध्ये मरेपर्यंत त्यांची नीट काळजी घेतली. बाईला पाणी आणून देणारा, दाराशी आलेल्यांना सामोरा जाणारा, तिच्या रियाजाच्या वेळा सांभाळणारा नवरा, हाही या गोष्टीचा भाग आहे. नाहीतर सगळ्याच नवऱ्यांवर अन्याय होईल.

सरकारनं १९७७ मध्ये त्यांना पद्मभूषण दिलं, १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २००४ मध्ये अकादमीनं त्यांना रत्नसदस्य केलं. १९९९ मध्ये विश्वभारतीनं देशिकोत्तम ही पदवी दिली. १३ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईत त्या वारल्या. तोवर रोज गॅलरीत येणाऱ्या कबुतरांना दाणे घालायचे आणि शिष्यांना शिकवायचं, हा त्यांचा क्रम होता.

आता त्यांचं वादन म्हणून आपल्या हाती काय उरलं आहे? फार थोडं. रविशंकर यांच्याबरोबरची यमन कल्याणची जुगलबंदी, एकटीनं वाजवलेला मांझ खमाज, कौशिकी, अशी मोजकी खासगी ध्वनिमुद्रणं हातोहात फिरत आली. आवाज खरखरीत, मागे खोकल्याचे, हलण्याचे आवाज. या भाषणाआधी तुम्ही ऐकलंत ते त्यांतलंच. ती तार एकदा छेडल्यावर सूर किती वेळ रेंगाळला ते तुमच्या लक्षात आलं असेल. आम्ही ते ऐकताना घड्याळाकडे पाहायचं विसरलो, आणि रेडिओवर काम करणाऱ्यांना हे सहसा परवडत नाही.

आमच्यातला वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं. बाईनं मंचावर जायचं की नाही हे तिनं ठरवावं. जाऊ नये असं तिला वाटलं तर तेही तिनंच ठरवावं, कुणाच्या रागाला भिऊन नव्हे. मात्र तिनं काय केलं याची नोंद राहिली पाहिजे. जिची नोंद नाही तिची विद्या होती असंच कुणी मानत नाही. आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावर दळताना बायका गातात त्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या झाल्या. त्या गाणाऱ्या बायका कुठल्या मैफलीत गेल्या नव्हत्या, त्यांनी कुठली शपथही घेतली नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं एवढंच. विचारल्यावर एकेकीच्या तोंडून शेकडो ओव्या निघाल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, एक काम सांगतो. तुमच्या घरात, शेजारी, माहेरी कुणी गाणारी, वाजवणारी, गोष्ट सांगणारी बाई असेल, तर या महिन्यात तिच्याजवळ बसा. आजकाल मोबाइल सगळ्यांकडे आहे. तिची परवानगी घ्या आणि आवाज भरून ठेवा. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका, शेजारी बसून नुसतं ऐका. भरलेला आवाज केंद्रावर आणून दिलात तर तो आपण जपून ठेवू, आणि तिची इच्छा असेल तरच वाजवू. कुणाच्या घरी वापराविना पडलेली सतार, दिलरुबा, पेटी असेल आणि ती वाजवायला शिकण्याची इच्छा असलेली मुलगी असेल, तर तेही कळवा. शिकवणारं कुणी जवळपास आहे का ते आपण मिळून शोधू. सासरी कुणी तंबोरा जाळेल म्हणून मुलीला गाणं द्यायचं नाही, हा बाबांचा पहिला निर्णय होता. अंगणातली पोर गाताना त्यांनी ऐकली आणि तो बदलला. आपल्याला बदलायला तेवढं पुरेसं आहे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.